चोरीला जाईल तेच पुस्तक

आमच्या समोरच्या दारातल्या बाईंना या वयात प्रेमपत्रं येतात, ही बातमी आमच्या इमारतीत तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत एका दुपारीत चढली. कोणी चढवली हे विचारू नये. दुसऱ्या मजल्यापर्यंतची जबाबदारी माझी. पुढे ती स्वतःच्या पायांनी गेली.

पुरावा तसा भक्कम होता. आठवड्यातून दोनदा पोस्टमन यायचा, बाईंच्या हातात जाडजूड पाकीट द्यायचा आणि मग निघायचाच नाही. आत पाऊल टाकायचा नाही, पण उंबऱ्यावरून हलायचाही नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मध्येच बाईंचं खळखळून हसणं. पाकिटांवरची अक्षरं तरी एका हाताची असावीत? छे! कधी गिचमिड, कधी टपोरी, कधी डावीकडे कललेली. म्हणजे प्रेम करणारे एकाहून अधिक! बाई साठी ओलांडलेल्या, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूर, आणि स्वतः दाताच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून लोकांना नंबर देणाऱ्या. अशा बाईंना एवढी पत्रं, आणि मला लग्नाच्या सत्तावीस वर्षांत एक चिठ्ठी नाही. आमच्या ह्यांना तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "मी रोज घरी येतो की. पत्र कशाला पाठवू?"

शेवटी एका शुक्रवारी, जिन्यातला दिवा गेलाय का ते बघायचं निमित्त करून मी दार उघडलं. भर दुपारी दिवा बघायला निघालेली बाई कशी दिसते हे मला ठाऊक आहे, पण सत्यासाठी माणसाने थोडं हसं करून घ्यावं.

पोस्टमन उंबऱ्यावर उभा. खांद्याला पिशवी, नाकावर चष्मा, हातात कोरं करकरीत पुस्तक, आणि तो पहिलं पान मोठ्याने वाचत होता. बाई दाराच्या चौकटीला टेकून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ऐकत होत्या. पोस्टमनने मध्येच पुस्तक मिटलं.

"बाई, हे मेलेलं आहे."

"किती ओळी चाललं?"

"अकरा. बाराव्या ओळीला मला पुढच्या गल्लीतलं कुत्रं आठवलं."

"लेखक मोठे आहेत हो."

"असतील. कुत्रंही मोठं आहे."

बाई खळखळून हसल्या, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ये गं ये. दिवा नंतर बघ. प्रेमपत्र वाचायचंय ना तुला? घे." आणि त्यांनी माझ्या हातात एक पत्र ठेवलं. एका लहानशा छापखान्याचं. त्यात लिहिलं होतं: 'आपण मागितल्याप्रमाणे आमची तिन्ही नवी पुस्तकं पाठवत आहोत. आमच्याकडे पुस्तकं मागणाऱ्या आपण या वर्षातल्या दुसऱ्या.' प्रेम होतंच त्यात, पण मला हवं होतं तसलं नव्हतं.

तर ही त्या बातमीची दुरुस्ती. ती मात्र चौथ्या मजल्यापर्यंत चढायला दीड महिना लागला. दुरुस्त्यांचे गुडघे नेहमीच दुखतात.

खरी गोष्ट अशी. आमच्या चर्चमधली कुटुंबं आणि धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारे शिक्षक यांच्यासाठी बाई नवी कॅथलिक पुस्तकं शोधतात. शोधतात म्हणजे सुगरणीने तांदूळ निवडावा तशी निवडतात. खडा लागला की पुस्तक बाजूला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेची उपासना संपली की चर्चच्या दाराशी त्यांचं टेबल लागतं आणि त्यावर 'बाईंची यादी' असते. एक कागद, दोन बाजू. पुढची बाजू आईबापांसाठी, मागची शिक्षकांसाठी. मी मिस्सेला सगळ्यात मागच्या बाकावर बसते (तिथून सगळ्यांचं सगळं दिसतं), त्यामुळे यादी पहिली माझ्या हाती लागते. त्यात बाईंचे शेरे असतात. 'लेखक पवित्र, पुस्तक कंटाळवाणं.' 'हे निजताना वाचू नये, मूल हसून जागं राहतं.' 'या पुस्तकातला संत लहानपणी इतका शहाणा दाखवलाय की आपल्या वर्गात असता तर पोरांनी त्याला बदडलं असतं.' आणि मागच्या बाजूला शिक्षकांना: 'चौथं प्रकरण वर्गात वाचा. पाचवं स्वतः वाचा आणि सुधारा.'

हा नाद त्यांना मुलीमुळे लागला. मुलगी सात वर्षांची असताना तिच्या पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे चर्चमध्ये प्रसादाची भाकर पहिल्यांदा घ्यायच्या समारंभासाठी, बाईंनी घरात एक जाड पुस्तक आणलं होतं. सोनेरी अक्षरं, आत प्रत्येक पानावर उपदेश. मुलीने दहा दिवस ते वाचलं आणि मग जेवताना विचारलं, "आई, संत व्हायचं असेल तर हसायचं नसतं का?" बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे, बोलणं मोजकंच. ते म्हणाले, "ते पुस्तक पलंगाच्या पायाखाली बरोबर बसेल. पलंग हलतोय." पुस्तक तिथे गेलं आणि पलंग हलायचा थांबला. बाईंच्या मनातलं मात्र हलायला लागलं. त्या मला म्हणाल्या होत्या, "देव कंटाळवाणा आहे, असं माझ्या पोरीला मी पैसे देऊन शिकवत होते गं." तेव्हापासून बाई मोठ्या जाहिरातीतलं पुस्तक घेत नाहीत. प्रकाशकांच्या सूचीच्या शेवटच्या पानावर, बारीक टायपात, कोपऱ्यात ढकललेलं नाव शोधतात. एखादं पुस्तक आवडलं की त्याच्या शेवटी लेखकाने कोणाकोणाचे आभार मानलेत ते वाचतात, आणि त्यांतलं आणखी कोणी लिहितं का ते पत्र टाकून विचारतात. अशाने त्यांना आजवर एक सुतार सापडला, दोन नर्स, आणि एक आजारी माणूस, जो फक्त बायबलमधल्या गाढवांबद्दल लिहितो, पण काय लिहितो!

पुस्तकात श्रद्धेच्या दृष्टीने काही चुकीचं नाही ना, हे आमचे फादर तपासतात. फादर बाईंच्या मुलीच्या वयाचे. बाई त्यांना सांगतात, "पुस्तक खरं आहे का ते तुम्ही बघा. जिवंत आहे का ते मी बघते."

ते बघायची त्यांची एक रीत आहे. पहिली पायरी पोस्टमन. पहिलं पान उंबऱ्यावर उभ्याने वाचायचं. दारोदार टपाल टाकून थकलेल्या माणसाला जे धरून ठेवतं तेच पुढे जातं. दुसरी पायरी दवाखान्यातला बाक. दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेलं पोर म्हणजे जगातला सगळ्यात कठीण वाचक. आतून यंत्राचा तो घर्रर्र आवाज येतोय, शेजारची मावशी गालावर हात ठेवून कण्हतेय. अशा वेळी बाकाशेजारच्या फळीवरून पुस्तक उचललेलं मूल जर आवाज विसरलं तर पुस्तक जिवंत. बाई लोकांना नावाने बोलवत नाहीत, दाताने बोलवतात. "खालची दाढ, चला आत." आणि खालची दाढ पुस्तकातून डोकं वर न काढता "एकच पान" म्हणाली, की बाई टेबलावरच्या वहीत टिंब देतात.

पण शेवटची परीक्षा तिसरी: पुस्तक चोरीला गेलं पाहिजे. रोज सकाळी नऊला बाई फळीची हजेरी घेतात. जे पुस्तक कोणीतरी फ्रॉकखाली, दप्तरात, आजीच्या पिशवीत घालून नेलं, तेच यादीत सगळ्यात वर. "मूल मागून नेतं तेव्हा आईला खूष करायला नेतं," बाई म्हणतात. "चोरून नेतं तेव्हा स्वतःसाठी नेतं."

या रीतीत एकच अडचण होती, आणि ती म्हणजे फादर. पुस्तक नेलेलं पोर पुढच्या शनिवारी कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे आपली पापं कबूल करायला, जायचं, आणि सोमवारी मान खाली घालून, आईचा हात मानेवर, पुस्तक परत घेऊन दवाखान्यात हजर. बाईंचा जळफळाट व्हायचा. एकदा चर्चच्या दारातच त्यांनी फादरना गाठलं.

"फादर, प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगा, पाच सांगा, गुडघ्यांवर बसवा. पुस्तक परत करायला का लावता?"

फादरनी आभाळाकडे बघितलं. "बाई, कन्फेशनमध्ये कोण काय बोललं, मी काय सांगितलं, ते मला बाहेर सांगता येत नाही."

"मग मी सांगते. त्यांना सांगा, पुस्तक ठेवून घ्या, बाईंचं काही म्हणणं नाही."

"कोणाला सांगू? मला तर कोणी काही सांगितलंच नाही."

दोघंही इतकी वर्षं हेच बोलतात आणि दर वेळी तेवढ्याच उत्साहाने बोलतात.

आता मुख्य गोष्ट. यंदा सुरुवातीला पोस्टमनने एक पातळसं पुस्तक उंबऱ्यावर वाचायला घेतलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. पिशवी त्याने खाली ठेवली. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं टपाल त्या दिवशी संध्याकाळी पोचलं. पुस्तकाचं नाव 'अर्धं आमेन'. गोष्ट एका बेकरीवाल्या आजोबांची. नातीला पहिल्या कम्युनियनसाठी प्रार्थना शिकवायचं काम त्यांच्याकडे आणि नेमके त्यांनाच शब्द आठवेनासे झालेत. प्रार्थना निम्म्यावर येते आणि थांबते. नात आधी चिडते, मग घाबरते, आणि मग तिच्या लक्षात येतं, की आजोबांचे हात कणकेत असले की शब्द आपोआप येतात. एवढंच. पण वाचताना नाक पुसावं लागतं आणि दोन पानांनी आपण हसत असतो.

लिहिणारी कोण? शाळेची बस चालवणारी बाई. मुलं वर्गात गेली की रिकाम्या बसच्या शेवटच्या सीटवर बसून तिने हे लिहिलं. पहिलंच पुस्तक. बाईंनी तिला पत्र पाठवलं, तिचं उत्तर आलं. ते बाईंनी मला दाखवलं, आणि मी खरंच कोणाला सांगितलं नाही. 'दुसरं पुस्तक अर्धं लिहून झालंय,' तिने लिहिलं होतं. 'पण पहिल्याला कोणी हात लावत नाही. उरलेल्या प्रती रद्दीत घालू का, असं छापखान्याने विचारलंय. मी हो म्हणणार आहे. मग दुसरं पुरं करून कोणासाठी ठेवू? आपण विचारपूस केलीत, बरं वाटलं.'

बाईंनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "ही लिहायची थांबली ना," त्या म्हणाल्या, "तर आपणच थांबवलं असं होईल."

उपाय एकच होता. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर दरवर्षी एक बैठक घेतात. पहिल्या कम्युनियनची मुलं, त्यांची घरं आणि त्यांचे शिक्षक, सगळ्यांनी वर्षभर मिळून वाचायचं एक पुस्तक तिथे ठरतं. एकदा ठरलं की दोनशे घरांत जातं. आणि गेली बारा वर्षं तेच ते ठरतं: सोनेरी अक्षरांचं. हो, पलंगाखालचंच भावंड. सिस्टर कडक असल्या तरी अन्यायी नाहीत. त्या बाईंना म्हणाल्या, "तुमच्या परीक्षेत हे नवं पुस्तक उतरलं तर आणा. तुमच्या परीक्षेवर माझा विश्वास आहे. तुमच्या आवडीवर नाही. आवड मलाही आहे."

सहा आठवडे होते. बाईंनी 'अर्धं आमेन' दवाखान्याच्या फळीवर ठेवलं आणि चोरांची वाट बघत बसल्या.

पहिला आठवडा गेला. सकाळी नऊला पुस्तक जागेवर. दुसरा गेला, जागेवर. मुलं वाचायची, टिंबं भरपूर पडत होती, पण सकाळी पाहावं तर पुस्तक फळीवर, तेही असं नीट, पुसून ठेवल्यासारखं. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी ते फळीच्या कडेला आणलं. चौथ्यात दाराच्या अगदी जवळ. पाचव्यात स्वतः उठून आत गेल्या, चोराला मोकळीक हवी म्हणून. छे!

त्यात डॉक्टरांची वेगळीच कुरकुर. डॉक्टर देवळात जात नाहीत, चर्चमध्ये जात नाहीत, फक्त तोंडात बघतात. ते म्हणाले, "बाई, या महिन्यात तुमच्या चर्चच्या पोरांचे दात फार दुखतायत. आणि गंमत म्हणजे एकही किडलेला नाही. काल एकाला विचारलं कुठला दुखतो, तर म्हणाला, कुठला चालेल?"

"थंडी असेल," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष फळीकडे.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. टेबलावर पुस्तक, शेजारी चहा, चहावर साय. मी ओळखलं.

"उद्या मी सांगणार," बाई म्हणाल्या, "की पुस्तक मला फार आवडलं. फादरनीही बघितलंय. पण माझ्या परीक्षेत ते बसलं नाही."

"अहो बाई, चोरीला गेलं म्हणा की! फळीवर कोण बघायला येतंय?"

"अगं, सातव्या आज्ञेची साक्ष द्यायला आठवी मोडू?" देवाच्या दहा आज्ञांत चोरी करू नये ही सातवी, खोटी साक्ष देऊ नये ही आठवी, मी ती कधी कधी मोडते, म्हणून मला तिचा नंबर पाठ आहे.

"मग मी चोरते. आत्ता. तुम्ही तिकडे बघा."

"तुझं वय काय? तू चोरलेलं धरत नाही."

"आणि ती बसवाली?"

बाई म्हणाल्या, "तिच्यासाठी मी खोटं बोलले, तर माझ्या यादीवरच्या पुढच्या सगळ्या लेखकांना कोण विश्वासाने घेईल? आज तिचं जाईल. खोटं बोलले तर सगळ्यांचं जाईल." आणि पुस्तक दवाखान्यात ठेवून यायला निघाल्या. शेवटच्या दिवशीही परीक्षेचा नियम मोडायचा नाही म्हणे. मला त्यांचा राग आला, आणि रागातच मी त्यांची पिशवी धरली.

शनिवारी बैठक अकराला. त्याआधी नऊला बाई दवाखान्यात हजेरीला गेल्या. मी बरोबर, सोबत म्हणून. आणि काय होतं ते बघायला नको का? फळीवर पुस्तक होतं. नीट, पुसलेलं. बाईंनी ते उचललं आणि पिशवीत घालायला लागल्या. तेवढ्यात दवाखाना झाडणारी मावशी हातातलं फडकं आपटत बाहेर आली.

"बाई, एक सांगू का? रागावू नका. तुमचं ते पुस्तक तुम्ही रोज दारात का टाकता?"

"कुठल्या दारात?"

"ह्याच. पत्र टाकायच्या फटीतून. मी सकाळी सातला दार उघडते तर हे पायात. एकदा झालं, दोनदा झालं. वाकून वाकून माझी कंबर गेली. फळीवर ठेवायला काय होतं तुम्हाला?"

बाई बाकावर बसल्या. मी उभीच राहिले, कारण मला एकही शब्द चुकवायचा नव्हता.

"किती वेळा, मावशी?"

"चौदा. कंबर मोजते ना."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"मला काय ठाऊक! म्हटलं तुमची काही रीत असेल. तुमच्या रीती काय कमी आहेत? आणि हे बघा, पुस्तकातून काय काय पडायचं, ते मी फेकलं नाही." मावशीने सिंकखालून बिस्किटांचा रिकामा डबा काढला.

डब्यात चिठ्ठ्या होत्या. वहीच्या कागदाच्या, बसच्या तिकिटामागच्या, एक तर औषधाच्या खोक्यावर लिहिलेली. 'पान ६१ ला रडू येतं. पण पुढे बरं होतं, घाबरू नका.' 'माझ्यानंतर नंबर लांब वेणीवालीचा. तिने सोमवारी न्यावे.' 'आमच्या बाबांनी पण वाचलं, ते म्हणाले मी रडलो नाही, सर्दी आहे.' एक मोठ्या माणसाच्या अक्षरात: 'दूध उतू गेलं. दोष पुस्तकाचा.' आणि एक अगदी वाकड्या अक्षरात: 'माझा दात दुखत नव्हता. सॉरी.'

संध्याकाळी न्यायचं, रात्रीत घरभर वाचायचं, सकाळी शाळेआधी फटीतून आत सोडायचं. दवाखाना बंद करताना डॉक्टरांच्या घाईत बाईंना फळी बघायला फुरसत नसते. त्या हजेरी घेत सकाळी नऊला, आणि चोर हजेरीच्या दोन तास आधी माल परत करत होते. इतकी वर्षं परीक्षा घेऊन बाईंना हे सुचलं नव्हतं, की मुलं त्यांच्याहून शिस्तीची निघतील.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "चल," म्हणाल्या. चाल अशी, की मला धावावं लागलं.

बैठक दुसरीच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती: नऊ शिक्षक, चार आईबाप, कोपऱ्यात फादर, फळ्यापाशी सिस्टर. बाईंनी सगळं होतं तसं सांगितलं. कालपर्यंत आपण नापास म्हणणार होतो, हेही सांगितलं. डबा फिरवला. 'सर्दी आहे' ही चिठ्ठी वाचून एक बाप भयंकर खोकायला लागला आणि सगळ्यांना चिठ्ठीचा धनी कळला.

पण एक वयस्कर शिक्षिका होत्या, त्यांचे जुन्या पुस्तकाचे प्रश्नोत्तरांचे कागद बारा वर्षांचे तयार. त्या म्हणाल्या, "यात विशेष काय? पोरांनी नेलं, मग कन्फेशनला गेली, फादरनी परत करायला लावलं. नेहमीचंच आहे."

सगळे फादरकडे वळले. फादर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता पुन्हा आभाळाकडे बघणार. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता, जसा वर्षानुवर्षं तोंड बांधलेल्या माणसाचा फुलावा.

"या वेळी मी बोलू शकतो," फादर म्हणाले. "चिठ्ठ्यांवरची अक्षरं मी ओळखतो. ही पहिल्या कम्युनियनची मुलं आहेत. यांचं पहिलं कन्फेशन पुढच्या महिन्यात आहे. अजून एकही पोर माझ्याकडे आलेलं नाही. मी कोणाला काहीही सांगितलेलं नाही. आणि हे मी छातीठोक सांगतो!" आणि खाली बसताना बाकाला गुडघा आपटला तरी हसतच राहिले.

त्या वयस्कर शिक्षिकेनेच डबा पुन्हा जवळ ओढला, 'घाबरू नका'वाली चिठ्ठी चष्मा लावून दुसऱ्यांदा वाचली, आणि म्हणाल्या, "नवे प्रश्न काढायला मला सुट्टी लागेल. पण काढीन." त्यांचा हात आधी वर गेला. मग बाकीचे.

सिस्टरनी हात मोजले, फळ्याकडे वळल्या आणि खडूने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'अर्धं आमेन'. खाली लिहिलं: प्रती दोनशे, आजच कळवणे. बाईंनी लगेच पिशवीतून पोस्टकार्ड काढलं आणि मांडीवर धरून बसवालीचा पत्ता लिहायला घेतला. तेवढ्यात सिस्टर खडू हातात घेऊन वळल्या. चेहरा कडक, पण डोळ्यांत काहीतरी चाललेलं.

"बाई, एकच शंका. ज्या पुस्तकाने चौदा मुलांना चोरी करायला लावली, ते मी दोनशे घरांत धाडायचं?"

बाईंनी पत्ता पुरा केला आणि मग मान वर केली.

"सिस्टर, चोरायला लावणारी पुस्तकं मी पुष्कळ पाहिलीत. दुसऱ्याचा नंबर आहे म्हणून परत आणून टाकायला लावणारं हे पहिलंच."